गंगास्नान केलेली गाडी

बनारसमध्ये रामघाटावरच्या आमच्या घरापर्यंत मोटार कधी आली नाही आणि येणारही नाही. गल्ली एवढी अरुंद आहे, की समोरून सांड आला तर मागं कोणी सरायचं हे तोच ठरवतो. आमच्या घरात आजोबा, वडील आणि थोरले भाऊ पहाटे उठून संहिता म्हणत. मी एकटा हातांना ऑइल फासून घरी येणारा निपजलो. आई मला नळापाशी उभं करून दोनदोनदा साबण लावायला लावायची, तरी जेवायला बसलो की वडील आपलं ताट जरा लांब सरकवायचे. राग नव्हता त्यांचा, पेट्रोलचा वास त्यांना सोसत नसे. पुढं त्याच वासावर घराची गच्ची दुरुस्त झाली, तेव्हा तो त्यांना थोडा कमी येऊ लागला.

मी जुन्या मोटारींचा धंदा केला. आधी काही वर्षं बसच्या वर्कशॉपात काढली, मग लहरताऱ्याला स्वतःचं आवार टाकलं. आवार म्हणजे पत्र्याची एक शेड, चार-सहा गाड्या आणि गिऱ्हाइकाला बसायला एका मोडीत निघालेल्या जीपचं मागचं सीट. बनारसी गिऱ्हाइकं मला ‘पंडितजी’ म्हणायची. पंडितजी खोटं बोलणार नाहीत असा त्यांचा समज होता. मीही तो शक्यतो मोडला नाही, कारण दुसरी काही जाहिरात करायची माझी ऐपत नव्हती. आता आवार भाच्याच्या हाती आहे. इंजिनातली बारीक टकटक मला पूर्वी रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायची. आता कान बॉनेटला लावला तरी शंका राहते. त्याचं वाईट वाटतं, आणि ते लपवावं असंही वाटत नाही. पण ओळखीतलं कोणी जुनी गाडी बघायला निघालं, की अजूनही माझ्याकडे येतं.

सगळे एकच विचारतात, स्वस्तात चांगली गाडी मिळते का? मिळते. मात्र स्वस्त गाडी दोन प्रकारची असते. एक, जी मालकाला नको झालेली असते. दुसरी, जी मालकाला नको झालेली असते आणि का, ते तो सांगत नसतो. आमचा सगळा धंदा या दोघींमधला फरक ओळखण्याचा.

त्यासाठी फार विद्या लागत नाही. गाडी बघायला ठरल्या वेळेच्या आधी जावं आणि पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागलं तर समजावं, की आपण यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवलीय. आजारी इंजिन गार असतानाच कुरकुरतं, गरम झालं की शहाण्यासारखं वागतं. मग ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघावं. तिथं ताकासारखं पांढुरकं काही दिसलं तर इंजिनात पाणी शिरतंय. नमस्कार करून घरी यावं. मीटरवर गाडी थोडीच चाललेली असेल आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर विश्वास रबरावर ठेवावा, मीटरवर नाही. आणि बनारसमध्ये दहा वर्षं फिरलेल्या गाडीच्या अंगावर एकही ओरखडा नसेल, तर ती गाडी मी बघतच नाही. या शहरात एवढी वर्षं अंग न घासता कुणालाच राहता आलेलं नाही. तिला नवा रंग दिलेला असतो आणि रंग काहीतरी झाकायलाच दिलेला असतो.

हे सगळं सांगितलं तरी गिऱ्हाईक शेवटी आपल्याच मनाचं करतं. विद्यापीठातले एक प्राध्यापक होते. गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊ यायला हवी, एवढी एकच त्यांची अट. इंजिन कसं आहे, टायर कसे आहेत, काही विचारलं नाही. तशी गाडी मिळाली आणि गंमत म्हणजे ती उत्तम निघाली. अजून भेटले की माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघतात.

दुसरे होते आमच्या शेजारच्याच गल्लीतले एक गृहस्थ, घरात सगळे पूजापाठ करणारे. गाडी घरी आली म्हणजे तिची पूजा ही होणारच. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, इथवर माझी काही हरकत नसते. या गृहस्थांनी मात्र विचार केला, की गाडीचा देव कुठं? तर इंजिनात. म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं यथासांग. वर एक आवर्तनही झालं. दोन दिवसांनी गाडी बंद पडली. मी बॉनेट उघडलं तर मुंग्यांची रांग लागलेली आणि उंदरांनी वायरी कुरतडून प्रसाद घेतलेला. मी त्यांना म्हटलं, “दादा, देव बाहेरूनही पावतो.” त्यांना ते फारसं आवडलं नाही. दुरुस्ती मात्र त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली.

पण मला खरं सांगायचंय ते आमच्या विनायक गुरुजींच्या गाडीबद्दल. ही अगदी अलीकडची गोष्ट.

विनायक गुरुजी आमच्याच गल्लीतले, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. संकठा घाटाजवळच्या एका छोट्या वेदपाठशाळेत शिकवतात. पाठशाळेतून घर चालत नाही. घर चालतं ते बाहेरगावच्या यजमानांवर. जौनपूर, मिर्झापूर, भदोही, सगळीकडे त्यांचे पिढीजात यजमान. वास्तुशांत, लघुरुद्र, साठीशांत, काही असलं की गुरुजींना बोलावणं यायचं आणि गुरुजी भांड्यांची पिशवी घेऊन बसनं निघायचे. मग गुडघे गेले. गल्लीतून मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत काठी टेकत कसंबसं जाता येई, पण बसच्या पायऱ्या काही चढता येईनात. भाड्याची गाडी करावी, तर दक्षिणा भाड्यातच जायची. शिवाय ड्रायव्हर तोंडात गुटखा धरून बसलेला, आणि यांचं सोवळं मागच्या सीटवर.

गुरुजींनी एकेका यजमानाला नाही म्हणायला सुरुवात केली. फोनवर अगदी शांतपणे सांगायचे, “इस बार नहीं हो पाएगा, किसी और को देख लीजिए.” फोन ठेवला की पंच्याची घडी मोडायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा मोडायचे. हे मला कळलं त्यांच्या सुनेकडून. सायली तिचं नाव, माहेर परभणीचं. नवरा श्रीधर रॉबर्ट्सगंजला बँकेत, शनिवारी घरी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. घरात उरले ही दोघंच.

कार्तिकात एके दिवशी सायली माझ्याकडे आली. ती बनारसला आली तेव्हा आमच्या मराठीला हसायची. आम्ही ‘परेशान होऊ नका’ म्हणतो, ‘सब्जी आणली का’ म्हणतो, त्याचं तिला फार नवल. आता तीही तसंच बोलते, पण रागावली की शुद्ध परभणीवर येते.

“भालूकाका,” ती म्हणाली, “मी गाडी शिकले. लायसन पण निघालं.”

“कधी?”

“बाबा दुपारी पाठशाळेत जातात ना, तेव्हा. सिगऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. यांना सांगितलं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं.”

“आता?”

“आता गाडी पाहिजे. माझ्या पाटल्या आहेत माहेरच्या, दोन. त्या मोडल्या तर जेवढे येतील तेवढ्यात बसवा. मी बाबांना नेईन यजमानांकडे.”

पाटल्यांच्या पैशात येणारी गाडी म्हणजे जुनीच, आणि जुन्यातही साधी. त्यात ती भरवशाची हवी, कारण पहाटे चारला निघून मुहूर्ताला जौनपूर गाठायचं, तर वाटेत बंद पडून चालत नाही. एकदा मुहूर्त चुकला की यजमान पुढच्या वेळी दुसरा गुरुजी बघतो. आणि पाटल्या दुसऱ्यांदा मोडता येत नाहीत. मी म्हटलं, गुरुजी तयार आहेत का? ती म्हणाली, “ते तुम्ही बघा. तुमचं ऐकतात ते.”

ते माझं आयुष्यात कधी ऐकत नव्हते. तरी गेलो. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. सून गाडी चालवणार, याला त्यांनी हरकत घेतली नाही. मला वाटलं होतं तिथंच गाडं अडेल. ते फक्त म्हणाले, “पाटल्या तिच्या आईच्या आहेत, भालू.” मग पंच्याची घडी मोडून पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, “गाडी बघायला मी पण येणार.”

इथूनच खरी परेशानी सुरू झाली.

वरुणेच्या पुलापलीकडे रिंकू भैया नावाचा एक विकणारा आहे. त्यानं फोन करून सांगितलं, की एक मोठी डिकीवाली गाडी आलीय, पाच वर्षांचीच, आणि भाव ऐकाल तर उडाल. भाव ऐकून मी उडालो नाही, सावध झालो. पण गुरुजींच्या कानावर ते गेलं होतं. आम्ही तिघं ई-रिक्षानं तिथं पोचलो.

गाडी बघून गुरुजींचा चेहरा उजळला. पांढरीशुभ्र, लांबरुंद, मागचं दार उघडलं की आपसूक पाय आत जावा एवढी जागा. गुरुजी काठी बाजूला ठेवून बसले आणि गुडघा न दुखता बसता आलं, म्हणून लहान मुलासारखे पुन्हा उतरून पुन्हा बसले. आत अत्तराचा घमघमाट होता. गाडीत एवढं अत्तर कोणी उगीच मारत नाही. मी बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. इंजिन सुरू केलं, एकदम गुळगुळीत.

“पंडितजी, मक्खन है मक्खन,” रिंकू म्हणाला.

मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेलो. लोक बेल्ट छातीपुरता ओढतात, मी शेवटपर्यंत ओढतो. गाडी धुणारा सगळं धुतो, पण खांबाच्या आत गुंडाळून बसलेला बेल्ट कोणी बाहेर काढून धूत नाही. शेवटचा वीतभर पट्टा बाहेर आला तो तपकिरी, मधोमध पाण्याची रेघ उमटलेला. मग मी पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलला. खाली बारीक, पिठासारखी माती होती आणि तिच्यात अभ्रकाचे कण चमकत होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात गंगा चढली की वरुणेचं पाणी उलटं फिरतं आणि खालच्या वस्त्यांत शिरतं. ज्यांच्या गाड्या तळमजल्यावर उभ्या असतात, त्या सीटपर्यंत बुडतात. पाणी उतरलं की गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून दिवाळीच्या सुमाराला विकायला येतात. चालवून बघा, काही कळणार नाही. पण वायरींच्या जोडांत गेलेलं पाणी आपलं काम करत राहतं. दोन-चार महिन्यांनी एखाद्या पहाटे, आडरस्त्यावर, काही न सांगता गाडी थांबते. मग एक दुरुस्त करावं तर दुसरं जातं, आणि त्याला शेवट नसतो.

मी हे सांगायला तोंड उघडणार, तोवर गुरुजी खाली वाकले होते. त्यांनी ती माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, वास घेतला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

“ही तर गंगामाईची माती,” ते म्हणाले, आणि त्यांनी ती कपाळाला लावली.

मी कपाळाला हात लावला.

“गुरुजी, अहो गाडी पुरात बुडालेली आहे.”

“बुडालेली नाही, भालू. स्नान झालंय तिचं. आपण गाडी घेतो, मग तिच्यावर गंगाजल शिंपडतो. हिच्यावर ते आधीच झालं. याहून शुद्ध वाहन कोणतं मिळणार?”

“ते वरुणेचं पाणी आहे. त्यात गावातले नाले येतात.”

“वरुणा कुठं जाते?”

“गंगेत.”

“मग?”

रिंकू भैयाला मराठी येत नव्हती, पण कपाळावरची माती त्याला दिसत होती. इतका वेळ तो ‘धूल है, धूल है’ म्हणत होता, आता हात जोडून म्हणाला, “हाँ गुरुजी, मइया का आशीर्वाद है. इसीलिए तो आपके हाथ जा रही है.” त्याला मनातल्या मनात दाद द्यावी लागली. धंदा मीही केलाय, पण पुराचं पाणी तीर्थ म्हणून विकायची मजल माझी गेली नाही.

मी वायरी, जोड, गंज सगळं समजावून सांगितलं. गुरुजी मान हलवत राहिले, पण हात गाडीच्या दारावरून काढला नाही. हट्टाला पेटलेल्या माणसाला इंजिनाची भाषा कळत नाही. आता मी रागावणार, एवढ्यात सायली पुढं आली. ती रिंकूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, सावकाश बोलली.

“बाबा, मागच्या पुरात पाठशाळेची खालची खोली बुडाली होती. पाणी उतरल्यावर आपण काय केलं?”

“गाळ काढला.”

“तुम्ही आधी नमस्कार केलात. माती कपाळाला लावलीत. मग विद्यार्थ्यांच्या हातात फावडी दिलीत आणि सगळा गाळ ओला आहे तोवर नदीत ढकलायला लावलात. वाळला की दगड होतो, मग निघत नाही, असं तुम्हीच ओरडत होता. एक घमेलं तरी घरात ठेवलंत का?”

गुरुजींनी बोटांवरची माती पाहिली.

“घाटावर दरवर्षी हेच करतात ना सगळे. मइयाची माती मइयाला परत देतात. या गाडीतली माती कोणी काढली नाही, बाबा. ती आत वाळली.”

गुरुजींनी दारावरचा हात काढला. खाली बघत म्हणाले, “हिचा भाव कमी होता. तुझी एक पाटली वाचली असती.”

तेव्हा मला कळलं, की हा माणूस मघापासून गंगेची बाजू मांडत नव्हता. सुनेच्या आईचा दागिना आपल्या गुडघ्यांपायी मोडतोय, हे त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते शास्त्र शोधत होते. मला त्यांचा आलेला राग कुठल्या कुठं गेला.

सायली म्हणाली, “पाटल्या मी गाडीसाठी मोडतेय, बाबा. रस्त्यात उभं राहण्यासाठी नाही.” आणि रिंकूला नमस्कार करून ती फाटकाकडे चालू लागली.

दुसरी गाडी मिळायला आठवडा गेला. सिगऱ्यात पांडेजी म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांचे डोळे अधू झाले होते आणि मुलीनं गाडी चालवायची बंदी केली होती, म्हणून ते विकणार होते. विकणार होते म्हणजे काय, गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. आमच्या आधी चारपाच जण त्यांनी नापास केले होते, असं त्यांच्याच पत्नीनं सांगितलं.

गाडी म्हणजे पोपटी रंगाची छोटी पाच दारांची डबी. अकरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. टपावरचा रंग उन्हानं उडालेला. चारही कोपरे घासलेले, आरसा एकीकडून नवा आणि दुसरीकडून जुना. बनारसची अगदी अस्सल रहिवासी. बॉनेट गार. चावी फिरवताच इंजिन एका आवाजात सुरू झालं आणि मागं धूर आला नाही. ऑइलचं झाकण आतून स्वच्छ. बेल्ट शेवटपर्यंत ओढला, मळका होता, पण हातांचा मळ होता तो. पायपट्टीचं रबर जेवढं झिजायला हवं तेवढंच झिजलेलं. एक घरगुती आजार तेवढा होता, क्लच थोडा उंचावर, पाय बराच उचलल्यावर धरत होता. तो मी भाच्याकडून आठवडाभरात बदलून घेणार होतो.

“चलाएगा कौन?” पांडेजींनी विचारलं.

“मैं,” सायली म्हणाली.

पांडेजींनी तिला चष्म्यावरून नीट पाहिलं. मग म्हणाले, गाडी फाटकातून मागं काढून दाखवा. फाटकात जेमतेम गाडीएवढी जागा, आणि बाहेर रस्त्यावर एक म्हैस बसलेली. सायलीनं गाडी सुरू केली. पहिल्यांदा बंद पडली. गुरुजींनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. दुसऱ्यांदा तिनं गाडी मुंगीच्या पावलानं मागं घेतली, म्हशीपाशी थांबली, हॉर्न वाजवला नाही. म्हशीनं विचार केला, उठली आणि बाजूला झाली.

“हॉर्न क्यों नहीं बजाया?” पांडेजी.

“बजाती तो वो बैठी रहती,” सायली म्हणाली.

पांडेजी आत गेले आणि गाडीचे कागद घेऊन आले. भाव त्यांनी एकच सांगितला आणि मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी मला हातानं गप्प केलं. पण बॅटरी नवी टाकून दिली, आणि निघताना गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं. दोन्ही पाटल्या गेल्या. सायलीचे हात मोकळे दिसायला लागले. गुरुजी तिकडे बघत नसत.

गाडी ठेवायला मैदागिनच्या पुढं एका लाकूडवाल्याच्या आवारात जागा मिळाली. पूजेच्या वेळी गुरुजींनी बॉनेट बंदच ठेवलं, मी जवळ उभा होतो म्हणूनही असेल. आणि मार्गशीर्षात जौनपूरहून एका जुन्या यजमानाचा फोन आला. माघात नातवाची मुंज. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनी याच घरी नकार कळवला होता. या वेळी फोन ठेवल्यावर त्यांनी पंचा हातात घेतला नाही, पंचांग घेतलं.

पहिलाच लांबचा प्रवास म्हणून मीही बरोबर निघालो. इंजिन ऐकायला निघालो असं मी म्हणत होतो. खरं म्हणजे मला घरी बसवलं नसतं. पहाटेचं धुकं एवढं दाट, की पुढच्या ट्रकचे दिवे अगदी जवळ गेल्यावर दिसायचे. सायली स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरून, पुढं झुकून, हळूहळू चालवत होती. गुरुजी मागं सोवळ्याच्या पिशवीला सांभाळून बसले होते. गाडीनं एकदाही शिंक काढली नाही. आम्ही मुहूर्ताच्या पुष्कळ आधी पोचलो.

मुंज यथासांग झाली. गुरुजींचा आवाज मी कितीतरी दिवसांनी असा मोकळा ऐकला. मग पहिली पंगत वैदिकांची. पाटावर गुरुजींना बसवलं, शेजारी मला. पत्रावळी मांडल्या, मीठ-लिंबू वाढून झालं. यजमान मोठे सज्जन, सगळीकडे लक्ष. त्यांनी आपल्या भावाला सांगितलं, “बाहर गाड़ी में ड्राइवर बैठी है, उसकी थाली वहीं भिजवा दो.”

त्यांची काही चूक नव्हती. पहाटेच्या अंधारात गाडी लावून सायली तिथंच थांबली होती. सोवळ्याच्या गडबडीत आत जावं की नाही, हे तिचं तिला ठरवता आलं नव्हतं आणि आम्हालाही ते सुचलं नव्हतं.

गुरुजी पाटावरून उठले. त्या गुडघ्यांनी उठायला त्यांना केवढे कष्ट पडले ते मी पाहिलं. मी हात दिला तो त्यांनी धरला. यजमान घाबरले, काही कमी पडलं का म्हणून विचारू लागले.

“ड्राइवर नहीं है,” गुरुजी म्हणाले. “हमारी बहू है. उसी की वजह से हम यहाँ हैं. उसका पत्तल मेरे बगल में लगाइए, फिर बैठूँगा.”

मुंजीच्या पहिल्या पंगतीत, वैदिकांच्या रांगेत, सुनेचं पान. आमच्या रामघाटावर हे कोणी पाहिलं असतं तर महिनाभर बोलायला विषय झाला असता. मी मुकाट्यानं बाजूला सरकलो आणि जागा केली. यजमानाची आई स्वतः बाहेर गेली आणि सायलीला हाताला धरून आत घेऊन आली. ती पदर सावरत, मान खाली घालून बसली. तिचे डोळे भरले होते. मग गुरुजी बसले. चित्राहुती घातल्या, आणि सगळे जेवू लागले.

सायली नुसती भाताची शितं चिवडत होती. वाढणारा जिलबी घेऊन आला, तर तिनं पानावर आडवा हात धरला.

गुरुजींनी त्याला खुणेनं थांबवलं आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “पोटभर जेव, सायली. परतीची गाडी तुलाच चालवायची आहे. आणि उद्या मिर्झापूरला हो म्हटलंय मी.”